वानराचं पोट वेगळं, माकडाचं वेगळं: जठरातल्या विकरांची गोष्ट

रानमास्तर (धागा काढणारे), काणकोण

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या, गोव्यातल्या पेपरांत ठरलेल्या बातम्या येतात. खेतींनी (म्हणजे माकडांनी) शहाळी पाडली, वानरांनी चवळीचा वेल ओरबाडला. त्या बातम्यांत माकड आणि वानर एकाच दावणीला बांधलेले असतात. अनमोड घाटात किंवा चोर्ला घाटात गाडी थांबवून केळी-पाव टाकणाऱ्यांनाही दोघं सारखेच. पण या दोघांच्या पोटात डोकावलं तर शाकाहाराच्या दोन अगदी निराळ्या रीती दिसतात, म्हणून हा धागा.

लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं ते माकड. त्याचं जठर साधारण आपल्यासारखंच, एका कप्प्याचं आणि आम्लाने भरलेलं. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराचं तसं नाही. त्याचं जठर मोठं, फुगीर, कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यांत आम्ल जवळजवळ नसतं आणि तिथे अब्जावधी जीवाणू नांदतात. पाल्यातला सेल्युलोज कुठलाही सस्तन प्राणी स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी) फोडू शकत नाही. ते काम जीवाणू करतात. ते पाला आंबवतात, त्यातून लहान मेदाम्लं सुटतात आणि वानराचं शरीर ती शोषून घेतं. गाय रवंथ करून जे साधते, ते वानर रवंथ न करता साधतं.

पण एवढ्यावर भागत नाही. पाल्यात प्रथिनं बेताचीच, आणि त्यातलं बरंचसं नत्र जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी वापरून टाकतात. मग वानराला ते परत मिळवायचं तर एकच वाट उरते: जीवाणूच पचवायचे. पुढच्या कप्प्यातून जीवाणूंचा लोंढा आम्लाच्या कप्प्यात येतो आणि तिथे लायसोझाइम नावाचं विकर त्यांची भिंत फोडतं.

हे लायसोझाइम आपल्याही ओळखीचं आहे. आपल्या अश्रूंत, लाळेत, आईच्या दुधात ते असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९२२ मध्ये ते शोधलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. आपल्यात त्याचं काम राखणीचं, जंतूंना अटकाव करण्याचं. वानराने तेच विकर जठरात नेऊन पचनाला जुंपलं. नवीन जागी दोन अडचणी होत्या. एक म्हणजे आम्ल, आणि दुसरी पेप्सिन, जे समोर येईल त्या प्रथिनाचे तुकडे करतं. लायसोझाइम हेही शेवटी प्रथिनच. म्हणून वानराच्या लायसोझाइममध्ये असे बदल झाले की ते आम्लात काम करतं आणि पेप्सिनला सहजासहजी बधत नाही.

आता या सगळ्यातला मला सर्वात थक्क करणारा भाग. १९८७ मध्ये कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी 'नेचर'मध्ये आपल्या हनुमान लंगुराच्या, म्हणजे वानराच्या, जठरातल्या लायसोझाइमची रचना प्रसिद्ध केली. ती त्यांनी गायीच्या लायसोझाइमशी ताडून पाहिली. गाय आणि वानर यांचा समाईक पूर्वज सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा. तरीही दोघांच्या विकरांत साखळीतल्या काही नेमक्या जागी तीच अमिनो आम्लं येऊन बसलेली निघाली. बबून हे आफ्रिकेतलं माकड गायीपेक्षा वानराच्या कितीतरी जवळचं नातेवाईक, पण त्याच्यात ते बदल नाहीत. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या होॲट्झिन या पाला खाणाऱ्या पक्ष्यातही त्याच धर्तीचे बदल सापडले. तीन कुळं, एकमेकांपासून दूर, आणि उत्तर जवळपास एकच.

आपल्या रानात हे चालतंबोलतं उदाहरण झाडावर बसलेलं असतं. त्याला पाव टाकण्याआधी त्याच्या पोटात काय चाललंय ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

भाटकार_सत्तरी

मास्तर, लेख आवडला. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) दोघंही येतात आणि फरक रोज दिसतो. माकडं सुपारी, केळी, शहाळी, पपई, हाताला लागेल ते घेतात, गालात कोंबतात आणि पळतात. वानरं आली की कोवळी पालवी, शेंगा, फुलं आणि कच्ची फळं. झाडावर केळीचा घड पिकलेला असला तरी कधीकधी शेजारच्या वेलाची पानं ओरबाडत बसतात. मला याचं नवल वाटायचं. पिकलेलं गोड सोडून कच्चं का खात असतील?

---

रानमास्तर

भाटकार, तुम्ही नेमकं पाहिलंय. ते आंबवणारे कप्पे हेच त्याचं कारण.

पाला हळूहळू आंबतो, साखर झपाट्याने. पुढच्या कप्प्यात एकदम भरपूर साखर किंवा मऊ पिष्ट गेलं तर जीवाणू भराभर आम्ल तयार करतात. कप्प्यातलं आम्ल वाढतं, पाला आंबवणारे जीवाणू मरू लागतात आणि जनावर आजारी पडतं. गुरं पाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं. गायीने कण्यांच्या पोत्यात तोंड घातलं की पोट फुगून ती आडवी होते, तोच प्रकार. म्हणून वानरांच्या कुळातले बरेच प्राणी गोड, पाणीदार, पिकल्या फळांपेक्षा कच्ची फळं आणि बिया पसंत करतात. वानर पिकलेलं फळ कधीच खात नाही असं नाही. देवळांजवळची वानरं लोकांनी दिलेलं पुष्कळ काही खातात. पण पावाची लादी आणि केकचे तुकडे यांसाठी ते पोट घडलेलं नाही.

आणखी एक विकर सांगायचं राहिलं. जीवाणू झपाट्याने वाढणारे असल्यामुळे त्यांच्यात आरएनए खूप असतं, आणि त्यातही नत्र आणि फॉस्फरस असतो. तो वसूल करायला रायबोन्युक्लिएज हे आरएनए फोडणारं विकर लागतं. हे स्वादुपिंडातून येतं, जठरातून नव्हे, पण गोष्ट त्याच साखळीतली आहे. जियानझी झांग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्हिएतनामकडच्या डूक लंगुरात या जनुकाच्या दोन प्रती दाखवल्या. जुनी प्रत ७.४ पीएचला उत्तम चालते, नवी ६.३ ला (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). लंगुराच्या लहान आतड्यात वातावरण किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं, त्याला नवी प्रत जुळते. मूळ काम जुन्या प्रतीकडे राहिलं आणि पचनाचं काम नवीने उचललं. चार वर्षांनी आफ्रिकेतल्या कोलोबस माकडातही असंच, पण स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं.

---

पेडण्याची_लेक

मास्तर, वानराचं कळलं. माकडाच्या वाट्याला काहीच खास नाही का? ते गाल फुगवून बसतं त्याचं काय?

---

प्रथिनघर

मी जीवरसायनशास्त्र शिकते, याचं उत्तर मी देऊ का?

माकडाच्या गालातल्या पिशव्या फक्त चोरीचा माल लपवायला नसतात. या गटातल्या माकडांच्या लाळेत अमायलेज भरपूर असतं. हे विकर पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करतं. म्हणजे भाटकारांच्या केळीच्या झाडावरून उतरून माकड सुरक्षित फांदीवर जाईपर्यंत गालातलं पिष्ट पचायला सुरुवात झालेली असते. आपल्या याच टोपीवाल्या माकडावर भारतीय संशोधकांनी १९७० च्या दशकात या पिशव्यांतल्या पचनाचा अभ्यास केला होता. वानराला अशा पिशव्या नाहीत, आणि त्याच्या कुळाच्या लाळेत अमायलेजही अगदी बेताचं. त्याचं सगळं दुकान जठरात.

आता माणूस. उकड्या तांदळाचा भात तोंडात जरा जास्त वेळ चावत ठेवा, गोडसर लागायला लागतो. ते आपलं लाळेतलं अमायलेज. २००७ मध्ये जॉर्ज पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चिंपांझीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर माणसात माणसागणिक संख्या बदलते, कुणात दोन तर कुणात पंधराहून जास्त. पिष्ट जास्त खाणाऱ्या समाजांत सरासरी प्रती जास्त निघाल्या. लाळ गिळल्यावर जठरातल्या आम्लाने हे विकर निकामी होतं, पण लगेच नाही. घासाच्या गोळ्याच्या आत आम्ल पोचेपर्यंत ते काम करत राहतं.

शेतीमुळेच हे सगळं झालं, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. २०२४ मध्ये आलेल्या संशोधनानुसार या जनुकाच्या प्रती वाढायला सुरुवात शेतीच्या फार आधी, काही लाख वर्षांपूर्वीच झाली होती. पेजेच्या आधी कंद होते. आपल्याकडे काटेकणगी, सुरण, माडी, करांदे अजून खातात, तो आहार भातापेक्षा कितीतरी जुना.

---

भाटकार_सत्तरी

करांद्यांचं नाव काढलंत आणि बरं वाटलं. आता पोरं ओळखतसुद्धा नाहीत.

---

दामोणें

आमच्या घरात माडाचा सूर (माडाचा आंबणारा रस) काढायचा धंदा होता, आजोबा रेंदेर. काती (कोयती) कंबरेला लावून सकाळ-संध्याकाळ माड चढायचे. चैत्र-वैशाखात शेजारी काजूची भाटी पेटायची. बोंडू मळून निरो (रस) काढायचा, तो आंबला की आधी हुर्राक आणि मग फेणी. त्यामुळे माझा प्रश्न साहजिक आहे. दारू पचवणारं विकर माणसात कुठून आलं? आधी दारू की आधी विकर?

---

प्रथिनघर

दामोणें, फार चांगला प्रश्न विचारलात. आधी विकर, आणि तेही खूप आधी!

आपल्या यकृतात अल्कोहोल फोडणारी विकरं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण एक विकर त्याआधीच, म्हणजे जीभ, अन्ननलिका आणि जठर इथेच काम सुरू करतं. त्याचं नाव एडीएच-४. २०१५ मध्ये मॅथ्यू कॅरिगन आणि सहकाऱ्यांनी आजच्या प्राण्यांच्या जनुकांवरून मागे जात जात पूर्वजांची विकरं कशी असावीत ते काढलं, प्रयोगशाळेत ती प्रत्यक्ष बनवली आणि तपासली. बहुतेक प्राचीन पूर्वजांची विकरं इथेनॉलच्या बाबतीत अगदीच मंद होती. पानांतली इतर अल्कोहोलं ती बरी हाताळत. पण माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समाईक पूर्वजात, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी, एकाच अमिनो आम्लाचा बदल झाला आणि इथेनॉल फोडण्याची क्षमता सुमारे चाळीस पटींनी वाढली. ओरांगउटानात हा बदल नाही. तो बहुतेक वेळ झाडावरच असतो.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा: त्या काळात आपले पूर्वज झाडावरून खाली जास्त उतरू लागले. जमिनीवर पडलेलं फळ म्हणजे फुटलेलं, मुंग्या लागलेलं, यीस्टने आंबवलेलं. काजूच्या भाटात (बागेत) सकाळी बोंडवांचा सडा पडतो, त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्याला ते पचत होतं त्याला पोटभर खायला मिळालं.

तुमच्या सुराशी थेट नातं सांगणारी गोष्टही आहे. पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या बोसू गावात लोक राफिया ताडाला भांडी लावून रस काढतात. तिथली रानटी चिंपांझी झाडावर चढून, पानं चावून त्यांचा बोळा करून, भांड्यात बुडवून तो रस पितात. सतरा वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला हा अभ्यास २०१५ मध्येच आला. रसात अल्कोहोल सरासरी ३.१ टक्के होतं, जास्तीत जास्त ६.९ टक्के.

---

दामोणें

देव बरें करूं. आजोबा सांगायचे की दामोण्यावर (सूर जमा करायच्या भांड्यावर) कधी खार, कधी वटवाघूळ, कधी पाखरं येऊन बसतात. मातीच्या त्या भांड्याला तोंड लावायला चिंपांझी चढताना डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे सकाळचा सूर थेट सान्नांना (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाला) जायचा, कारण दुपारपर्यंत तो चढायचा. एवढ्या थोड्या वेळात यीस्ट काम करतं, म्हणजे रानात पडलेलं फळ किती भरभर आंबत असेल याचा अंदाज येतो.

---

मिरामारचा_वाचक

मला एक शंका आहे, आणि ती मी कळकळीने विचारतोय. कुठल्याही प्राण्यात काही बदल दिसला की 'आहारामुळे झाला' असं म्हणणं फार सोपं असतं. काही बदल नुसते योगायोगानेही टिकतात ना? लायसोझाइमचे बदल तसे नाहीत हे कशावरून?

---

रानमास्तर

ही शंका घ्यायलाच हवी. पुरावे दोन बाजूंनी येतात.

पहिला पुरावा म्हणजे वर सांगितलेलं साम्य. योगायोगाने बदल कुठेही होतील. गाय, वानर आणि पक्षी अशा तिघांत त्याच धर्तीचे होणार नाहीत. शिवाय ते बदल निरर्थक नाहीत. वानराचं आणि गायीचं लायसोझाइम आम्लात जास्त चांगलं चालतं, हे चाचणीत दिसतं.

दुसरा पुरावा जनुकातच असतो. डीएनएमधले काही बदल प्रथिन बदलतात, काही बदलत नाहीत. न बदलणारे बदल घड्याळासारखे साधारण एका गतीने साठत जातात. प्रथिन बदलणारे त्याहून जास्त वेगाने साठलेले दिसले, तर निवडीने त्यांना पुढे रेटलं असं म्हणता येतं. वॉल्टर मेसियर आणि स्ट्युअर्ट यांनी १९९७ मध्ये हाच हिशोब केला. वानरांच्या कुळाच्या पूर्वजांच्या फांदीवर बदलांचा झपाटा दिसला, आणि नंतर तो थंडावला. काम साधलं, मग विकर स्थिरावलं. याच अभ्यासात मानव आणि कपी (चिंपांझी, गोरिला वगैरे) यांच्या पूर्वजांच्या फांदीवरही तसाच झपाटा दिसला. तिथे तर पाला आंबवणारं जठर नव्हतं. म्हणजे प्रत्येक झपाट्याला पचनाचंच लेबल लावून चालत नाही, हे तुमचं म्हणणं तिथे लागू पडतं.

---

किसमूर

इतकं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर रोजची. सुंगटं तव्यावर कुरकुरीत भाजायची, डोकी काढायची आणि सालीसकट खोबऱ्यात कालवायची. गालमो (अगदी बारीक सुकी कोळंबी) तर डोक्यासकट. लहानपणापासून ऐकतेय की साल पचत नाही. मग किडे खाणारे प्राणी काय करतात?

---

प्रथिनघर

किसमूर, सुंगटाची साल आणि किड्याचं कवच दोन्ही कायटिनचं. ते फोडणारं विकर म्हणजे कायटिनेज, आणि त्याचा एक प्रकार खास जठरातला, आम्लात चालणारा आहे.

२०१८ मध्ये यावर दोन महत्त्वाचे अभ्यास आले. क्रिस्टोफर एमरलिंग आणि सहकाऱ्यांनी अपरा (वार) असलेल्या सस्तन प्राण्यांची जनुकं चाळली आणि दाखवलं की त्यांच्या आद्य पूर्वजाकडे या कायटिनेजची पाच जनुकं असावीत. म्हणजे डायनासोरांच्या सावलीत वावरणारे ते चिमुकले प्राणी बरेचसे किडेखाऊ होते. पुढे कुणी पाला धरला, कुणी मांस, कुणी फळं, तशी जनुकं मोडत गेली. मोडलेली जनुकं डीएनएमध्ये अजून पडून आहेत, म्हणून तर मोजता येतात. मारेके जनियाक आणि सहकाऱ्यांनी हेच खास प्रायमेट गटात (माकडं, कपी, माणूस यांच्या गटात) पाहिलं. लहान अंगाच्या किडेखाऊ जातींत कार्यक्षम जनुकं जास्त, मोठ्या अंगाच्यांत कमी. आग्नेय आशियातला टार्सियर जवळजवळ फक्त किडे आणि लहान प्राणी खातो. त्याच्याकडे पाचही शाबूत आहेत.

आपल्याकडे एक शिल्लक आहे. माणसाच्या जठररसात त्याचं काम दिसलेलं आहे, पण सगळ्यांत सारखं नाही. कुणात चांगलं, कुणात नगण्य. तेव्हा सालीतलं थोडंफार कुणाला पचत असेल, बाकीचं जातं. किसमूर कुरकुरीत भाजून बारीक चुरण्याची पद्धत म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. निम्मं काम पोटाआधीच होतं.

---

रानमास्तर

यात आपल्या रानातला तिसरा गडी यायलाच हवा. खोतीगावच्या अभयारण्यात लोरिस आहे. मूठभर अंग, मोठाले डोळे, रात्री फांद्यांवरून सावकाश चालणारा. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. त्याचा आहार मुख्यतः किडे, आणि इतरांना नकोसे वाटणारे, डंख मारणारे, उग्र वासाचे किडेही तो खातो. तामिळनाडूत या सडपातळ लोरिसवर झालेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात जवळजवळ सगळी प्राणिजन्य शिकारच आढळली.

म्हणजे गोव्याच्या एकाच जंगलात पोटाच्या तीन तऱ्हा. लोरिस कवच फोडणारा, माकड गालात पिष्ट मुरवणारं, वानर जीवाणूंची शेती करून तीच कापणारं. आणि त्याच रानाच्या कडेला आपण, तीन-चार जुन्या विकरांच्या उरल्यासुरल्या प्रती घेऊन.

---

पेडण्याची_लेक

पूर्ण मोडून पडलेलं, आपल्या जठरातलं एखादं जनुक आहे का?

---

प्रथिनघर

आहे. वासराच्या जठरात दूध साकळवणारं कायमोसिन असतं. चीज करायला पूर्वीपासून तेच वापरतात. माणसात त्याचं जनुक आहे, पण निकामी. आपल्या बाळांच्या पोटात दूध साकळतं ते जठरातल्या आम्लामुळे आणि पेप्सिनसारख्या इतर विकरांमुळे. पेप्सिन म्हणजे थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये जठररसातून ओळखलेलं, प्राण्यांच्या शरीरात सापडलेलं पहिलं विकर. ते आपल्यात ठणठणीत आहे, आणि त्याच्या जनुकाच्या एकाहून जास्त प्रती आहेत.

---

भाटकार_सत्तरी

मास्तर, आता कामाचं. आमच्या पंचायतीत रस्त्यालगत फलक लावायचं चाललंय. आतापर्यंतचे फलक 'माकडांना खायला घालू नये, दंड होईल' एवढंच सांगतात. लोक वाचतात आणि तरीही टाकतात. कारण कळलं तर कदाचित थांबतील. काय लिहावं?

---

रानमास्तर

दोन वेगळी वाक्यं लिहा, दोन वेगळ्या चित्रांखाली.

वानराच्या चित्राखाली: 'माझं पोट गायीसारखं पाला आंबवतं. पाव, केक, गोड फळं यांनी आतले जीवाणू मरतात आणि मी आजारी पडतो.'

माकडाच्या चित्राखाली: 'मला तुमचं खाणं पचतं, म्हणूनच मी त्याच्या मागे रस्त्यावर येतो, गाडीखाली सापडतो आणि शेतात शिरतो.'

दोघांना एकच कारण लावू नका. माकडाला पाव पचतोच, ते आजारी पडतं असं लिहिलं तर ज्याने रोज पाहिलंय तो फलकावर विश्वासच ठेवणार नाही.

---

मिरामारचा_वाचक

+१. वेगळी कारणं दिली हे फार पटलं.

---

भाटकार_सत्तरी

उतरवून घेतलं. कोकणीतही लिहितो, आणि कन्नडमध्येही करून घेतो. घाटात खायला घालणारे निम्मे लोक पलीकडून येणारे वाहनवाले असतात. चित्रं शाळेतल्या मुलांकडून काढून घेऊ, पण वानराचं तोंड काळं आणि माकडाचं लाल हे मी स्वतः उभा राहून बघेन.